कमानीच्या अलीकडे

रेसच्या जुन्या खेळांत गाडी जागची हलतच नाही. आपल्याला वाटतं, सुसाट निघालो. पण गाडी आपली पडद्याच्या मधोमध उभी, आणि रस्ता, झाडं, डोंगर, आभाळ सगळं तिच्या अंगावर धावून येतं. बाबा हे पार्लरमध्ये येणाऱ्यांना रंगवून रंगवून सांगत आणि वर विचारत, "मग आता तुम्हीच सांगा, प्रवास केला कुणी?" लोक हसत. बाबाही हसत, पण उत्तर मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नाही.

त्यांच्या गेम पार्लरमधली बाकीची मशीनं एकेक करून गेली होती. उरलं होतं हे एकच, बसायला सीट असलेलं, स्टिअरिंग हातांनी घासून गुळगुळीत झालेलं. त्यात गाड्या दोन जातींच्या. एक जमिनीला चिकटलेल्या, पुढून निमुळत्या सुपरकार. दुसऱ्या रुंद छातीच्या, घोगऱ्या आवाजाच्या मसल कार. बाबा पहिल्यांना इस्त्र्या म्हणत आणि दुसऱ्यांना म्हशी. "इस्त्री पळते छान, पण जरा कुणाचा धक्का लागला की गरगरते. म्हैस वळताना कुरकुरते. पण तिला धडकणाराच सॉरी म्हणून जातो!" खेळ सरळ होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतं. रस्त्यावर ठरावीक अंतराने कमान लागते. वेळ संपायच्या आत कमानीखालून गेलात तर घंटी वाजते आणि थोडा वेळ वाढवून मिळतो. नाही गेलात तर खेळ संपला.

बाबा आता पार्लरच्या वरच्या खोलीत पडून होते. "घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या," असं दवाखान्याने सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ कळलाच नाही असं सोंग घरातलं प्रत्येकजण आपापल्या परीने वठवत होतं. आई उशाशी बसून देवाचं नाव घेत होती. नर्सबाई येऊन-जाऊन होत्या. धाकटी लेक औषधपाणी बघत होती. आणि थोरला? थोरला शटर अर्धं ओढून खाली मशीनवर बसला होता.

त्या दुपारी धाकटीचा धीर सुटला. ती तरातरा जिना उतरून आली.

"लाज कशी वाटत नाही रे दादा? बाबा वर असे, आणि तू इथे म्हशी पळवतोयस?"

दादाने पडद्यावरची नजर काढली नाही. डोळे लाल झाले होते. "ओरडू नकोस. जिन्याच्या वळणावर उभी राहा. तिथून खाली पडदा दिसतो आणि वर बाबांचा पलंगही. दोन्हीकडे बघ, मग ये भांडायला."

ती चिडूनच जाऊन उभी राहिली. वर बाबांच्या छातीची हालचाल थांबली होती. आजकाल असंच व्हायचं; एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत बघणाऱ्याचा जीव टांगणीला. खाली काळी मसल कार घाट उतरत होती. समोर कमान आली, गाडी तिच्याखालून गेली, घंटी वाजली. आणि बाबांची छाती वर आली.

योगायोग असेल. पुन्हा कमान, पुन्हा श्वास. आयुष्यभर ही घंटी ऐकलेला माणूस, कानाला सवय असणार, म्हणून धाकटीने खाली येऊन स्पीकरची वायरच उपटली. मशीन मुकं झालं. ती पुन्हा वळणावर गेली. गाडी आवाज न करता कमानीखालून सरकली, आणि वर श्वास आला. पुढच्या वळणावर एक लाल इस्त्री आडवी आली, म्हैस कलंडून रस्त्याबाहेर गेली, तशी वर पलंगाची कड करकरली. बाबांनी चादर मुठीत घट्ट धरली होती. "अगं बाई, काय होतंय हो?" आईचा आवाज आला.

 धाकटी खाली आली ती दादाच्या पाठीशी नुसती उभी राहिली.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"कधीपासून ते विचारू नकोस. कमानी लांब लांब होत चालल्यात. आणि प्रत्येक कमान आधीपेक्षा कमी वेळ देते." त्याने पुढचं वळण घेतलं. "हात भरून आलेत गं."

"मग मला बसू दे."

"तू? तू तर सुरुवातीच्या गर्दीतच ठोकायचीस नेहमी."

तेवढ्यातही दोघांना हसू आलं. हसता हसता दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, समोरचं पुसट झालं, गाडी गवतात घुसली. घड्याळात शेवटचे दोन सेकंद उरले. आणि दादाने जे केलं ते केवळ मशीनवाल्याच्या पोरालाच सुचलं असतं. सीटवरून उडी मारून तो मागे गेला, पत्र्याचं झाकण उचकटलं आणि आतला एक खटका दाबला. स्टिअरिंग दुरुस्त करताना खेळ मध्येच संपू नये, सावकाश तपासता यावं, म्हणून बाबांनी तो स्वतः बसवला होता. तो दाबला की घड्याळ थांबतं.

घड्याळ थांबलं. दोनवर. गाडी गवतात उभी राहून धूर सोडत राहिली.

दादाने भिंतीला पाठ टेकली. "झालं," तो म्हणाला. "आता वेळ संपतच नाही. चालवायचीही गरज नाही. हे मला आधी का नाही सुचलं?" लहान मुलासारखा त्याचा चेहरा उजळला होता. "भूक लागलीय गं. काहीतरी खाऊ या."

वरून आईने हाक मारली. मोठ्याने नव्हे. पण त्या हाकेने दोघंही धावत वर गेली.

बाबांची छाती वर आलेली होती. पूर्ण वर. आत घेतलेला श्वास आतच होता. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. आईने चमच्याने पाजलेल्या पाण्याचा थेंब ओठाच्या कोपऱ्यात लोंबत होता. ना आत जात होता, ना गळून पडत होता. नर्सबाईंनी मनगट धरलं, मग गळ्याशी बोटं लावली, मग पुन्हा मनगट. इतकी वर्षं आजारी माणसांच्या उशाशी काढलेली ती बाई एक पाऊल मागे सरकली.

"मावशी, नाडी लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण गेले असंही म्हणवत नाही हो मला. अंग गरम आहे. हे काय आहे, मला ठाऊक नाही."

"खाली काय केलंत?" आईने मुलांकडे बघत विचारलं.

दादाने सांगितलं. आई ऐकत राहिली. खुळचट बोलू नकोस असं ती म्हणाली नाही. जन्मभर त्या मशीनच्या जिवावर संसार केलेली बाई ती. तिने नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्या न लवणाऱ्या डोळ्यांमागून कुणीतरी तिच्याकडे बघत होतं.

"सोड तो खटका," ती म्हणाली.

"नाही आई. सोडला तर दोन सेकंदांत..."

"माहीत आहे."

"तू सांगतेस हे? तू? दिवसभर देवाला काय मागत बसली होतीस मग?"

"यांना नीट ने, एवढंच मागत होते रे. ठेव असं नव्हते मागत." आईने नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "धरून ठेवणं वेगळं, आणि कोंडून ठेवणं वेगळं. पोटच्या पोराने बापाला श्वासात कोंडून ठेवलंय. बाहेर सोडू दे त्यांना एकदा. किती अवघडलेत बघ तरी!"

दादा बराच वेळ बापाच्या ओठावरच्या त्या थेंबाकडे बघत उभा राहिला. मग जिना उतरला. धाकटी मागोमाग गेली.

त्याने झाकणात हात घातला आणि थबकला. "गवतात नको," तो पुटपुटला. "तू या खटक्यावर हात धर. मी म्हणेन तेव्हा सोड." तो सीटवर बसला, गाडी सावकाश गवतातून काढून रस्त्यावर आणली, सरळ केली, वेग घेतला. आभाळ त्या खेळात कधी नव्हे ते केशरी झालं होतं. बाकीच्या गाड्या कुठे दिसेनात.

"सोड."

दोन. एक. शून्य.

वेळ संपला तरी या खेळात गाडी लगेच थांबत नाही. इंजिन बंद पडतं, आणि ती आपल्याच वेगाने घरंगळत राहते. तशी घरंगळत कमानीखाली पोचली तर वेळ पुन्हा मिळतो. दादाला ते पक्कं ठाऊक होतं. आणि कमान समोर दिसत होती. मोठी होत होती. गाडी मंदावत होती, पण पोचली असती. धाकटीला दिसलं, नक्की पोचली असती. तिने डोळे मिटून घेतले; दादाला काही सांगण्याचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

दादाने ब्रेक दाबला. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसा, हलक्या पायाने.

गाडी कमानीच्या अलीकडे थांबली. वरून एक लांब, मोकळा उसासा आला. इतका लांब की खालच्या दोघांना तो स्पष्ट ऐकू आला. आणि मग आईचं रडणं.

खेळ संपल्याची अक्षरं मात्र पडद्यावर आलीच नाहीत. गाडीचे मागचे दिवे विझले. मग तिचं दार उघडलं. त्या खेळात गाडीचं चित्र फक्त मागच्या बाजूने काढलेलं असतं. तिला उघडणारं दार कुणी काढलेलंच नसतं. तरी ते उघडलं, आणि चौकोनी ठिपक्यांचा एक माणूस बाहेर उतरला. त्याने टपावर हात थोपटला. मागे वळून पाहिलं नाही. कमानीखालून चालत तो पुढे निघाला, आणि रस्ता पहिल्यांदाच जागेवर उभा राहिला. चालत होता तो माणूस.

आई केव्हा खाली येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. पदर तोंडाशी धरून ती त्या लहान लहान होत जाणाऱ्या आकृतीकडे बघत होती.

"अगं," ती धाकटीला म्हणाली, "चपला घालून गेलेत ना? मला इथून नीट दिसत नाही."

तेवढ्या ढोबळ ठिपक्यांत चपला कुठून दिसणार होत्या? पण धाकटीने पडद्याजवळ वाकून नीट निरखून पाहिलं.

"हो आई," ती म्हणाली. "घालून गेलेत."