ओझरला जाऊन आलेलं मशीन

आमच्या सोनलसाठी मी जे मशीन करून घेतलंय, तसलं अख्ख्या राजुरीत कुणाकडं न्हाई. असलं तर दाखवा, अर्धी मिशी काढून देतो. दुकानातनं तयार कॉम्प्युटरचा डबा उचलून आणलेला न्हाई राव. नारायणगावच्या केवलचंदशेटचा नातू अरिहंत, त्यानं एकेक पार्ट मागवून माझ्यासमोर जोडलंय. आजोबा कापडाचा तागा उलगडून दाखवायचे, तसा हा पोरगा मला पार्ट दाखवत व्हता. "काका, हे ग्राफिक कार्ड बघा. ॲनिमेशनचा सगळा भार ह्याच्यावर." हातात घेऊन बघितलं. चांगलं विटेएवढं जड. वजनावरनं माल बरा वाटला, म्हणलं, "ह्याच्यापेक्षा मोठं हाय का?" व्हतं. तेच घेतलं.

आता तुमी म्हणाल, ह्या बाळासाहेबाला एवढी हौस कशाची? हौस न्हाई, डोकं हाय. सोनल पुण्याला ॲनिमेशन शिकली. शिकून घरी आली आणि म्हणाया लागली, लॅपटॉपवर हे काम होत न्हाई, बाहेर जावं लागंल. एकुलती एक पोर. म्हणलं, असं हाय व्हय? मग आपण इथंच असलं मशीन बसवू की पुण्या-मुंबईनं तोंडात बोटं घातली पायजेत. घरी बसून काम कर, दुपारी आईच्या हातचं गरम जेव. तिची आई, प्रतिभा, तेवढी म्हणाली, "मशीन आणलं म्हणून पोर बांधून राहती व्हय?" आमच्या हिला चांगल्या कामात खोडा घालायची पयल्यापासनं सवय.

मशीन आलं. काचेचं झाकण, आत लाल-निळे दिवे. शेजारचे रखमाजी बघून म्हणले, "पावणं, गणपतीत मंडळाला भाड्यानं द्या की." अडाणी माणूस! त्यांना समजावून सांगितलं, ह्याच्यात बिबट्या चालतो म्हणून. सोनल बिबट्याची फिल्म करत व्हती, दीड मिनटाची. उसात चुकलेलं पिल्लू आणि त्याला हुडकणारी त्याची आय. अंगावरचा एकेक केस वाऱ्यानं वेगळा हलला पायजे, म्हणून एवढी पावर लागती. आमच्या शिवारात खरा बिबट्या आठवड्यातनं दोनदा दिसतो, पण त्याचं केस बघाय कोण थांबतंय!

मग कळलं की ही फिल्म हैदराबादच्या एका स्टुडिओला परीक्षा म्हणून जाणार. सोमवारी सकाळी दहाच्या आत. पसंत पडली तर नोकरी, आणि नोकरी हैदराबादलाच. म्हणजे बघा. पोर घरात राहावी म्हणून मशीन आणलं, आणि तेच मशीन पोरीला घेऊन चाललं. लई राग आला. कुणावर काढायचा, तेवढं कळंना.

शनिवारी सोनल मैत्रिणीच्या लग्नाला मंचरला गेली. आमच्या घरात नवीन मशीन आलं की ते पयलं ओझरला जातं, विघ्नहराच्या दारात. ट्रॅक्टर नेला, पिकअप नेली, द्राक्षावर फवारायचा ब्लोअरसुद्धा नेला. मग हे एवढं भारीतलं मशीन, ह्यालाच वगळायचं? सोनलला विचारलं असतं तर ती न्हाईच म्हणली असती, म्हणून विचारलं न्हाई. पुतण्याला, गोरखला हाक मारली, मशीन गोधडीत गुंडाळलं आणि पिकअपच्या हौद्यात ठेवलं.

ओझरला गाड्यांची पूजा करणाऱ्या गुरुजींनी मशीनभोवती एक चक्कर मारली. "ह्याचं बॉनेट कुठलं?" मी काचेच्या झाकणाकडं बोट केलं. त्यांनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. लिंबू चाकाखाली ठेवायचं, तर चाक न्हाई. गोरखनं ते बुटाखाली चिरडलं आणि म्हणला, "झालं, तात्या."

देवापुढं हात जोडले आणि काय मागावं तेच सुचंना. पोरीचं काम होऊ दे म्हणावं, तर पोर जाती. होऊ देऊ नको म्हणावं, तर बापाच्या तोंडाला शोभत न्हाई. नुसता नमस्कार करून माघारी फिरलो. येताना त्या गोरख्यानं एक स्पीड ब्रेकर सोडला न्हाई, सगळ्यांवरनं गाडी उडवली. घरी येऊन कुंकू पुसलं आणि वायरी व्हत्या तशा लावल्या.

रविवारी सकाळी सोनल कामाला बसली. फिल्म तयार व्हती, तिची शेवटची फाईल तेवढी काढायची राहिली व्हती. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. परत दाबलं. काळीच.

अरिहंत नेमका मामाच्या गावाला, राजस्थानात. सोनलनं व्हिडिओ कॉल लावला. त्यानं पयलाच प्रश्न विचारला, "मशीन कुठं हलवलं होतं का?"

"छे! टेबलावरून इंचभर हललं नाही."

मी मागं चहाचा कप घेऊन उभा.

"नक्की?"

"अरे, घरात पप्पा होते. कोण हलवणार?"

"मग बोर्ड गेला असणार. मी गुरुवारी येतो, पुण्याला पाठवून बघू."

आता खरं सांगतो, लाज वाटती पण सांगतो. माझ्या मनात पयलं आलं ते हेच, की बरं झालं. मला काय करायचंच नव्हतं, नुसतं गप बसायचं व्हतं. गुरुवारी अरिहंत येईल, काय असंल ते निघंल, तवर सोमवार उलटून गेलेला. हैदराबादचा विषयच मिटला.

सोनल रडली-बिडली न्हाई. रडली असती तर जवळ घेतलं असतं. ती त्या काळ्या स्क्रीनकडं बघत बसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढ्या हौसेनं घेऊन दिलं, आणि मला चार दिवस सांभाळता नाही आलं."

माझ्यानं ते ऐकवलं न्हाई.

"त्याला परत फोन लाव," मी म्हणलं. "मशीन काल ओझरला गेलं व्हतं. पिकअपमधनं."

अरिहंत फोनवर पोट धरून हसला. मग म्हणाला, "काका, एवढं जड कार्ड, गचक्यांनी खाचेतून निसटलं असणार. लाइट बंद करा, झाकण काढा, आणि टक् आवाज येईपर्यंत सरळ दाबा." सोनलनं झाकण काढलं. मीच दाबलं. टक् झालं. बटण दाबलं तर स्क्रीन लागली, आणि फिल्म उघडली तर बिबट्या उसातनं बाहेर आला.

सोनलनं माझ्याकडं बघितलं. "अरिहंतनं विचारलं तेव्हा तुम्ही इथंच होता, पप्पा. बोलला का नाहीत?"

"तू जाशील म्हणून."

तिनं माझ्या हातातला गार झालेला कप घेऊन खाली ठेवला, आणि माझा हात तसाच धरून बसली. नाक ओढलं, मग माऊस हातात घेऊन फाईल काढायला लावली. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकाया लागली.

"किती वेळ लागंल?" मी विचारलं.

"लॅपटॉपवर चार दिवस लागले असते. ह्याच्यावर चार वाजेपर्यंत होईल," ती म्हणाली. "लई भारी मशीन आहे, पप्पा."

घड्याळात अकरा वाजले व्हते. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

"जरा हलकं घेतलं असतं तरी चाललं असतं," मी म्हणलं.