नाव कापलेला उखाणा

पंचवीस वर्षांआधी सासरच्या उंबरठ्यावर शामलाच्या तोंडून उखाणा निघालाच नव्हता. तो राहून गेलेला उखाणा यंदा तिले कळमन्याच्या बाजारात संत्री निवडता निवडता सुचला:

"आंबट म्हणून घेतलं संत्रं, गोड निघालं नशिबानं,
चंद्रभानरावांचं नाव घेते, माप ओलांडते मानानं."

बायांच्या ग्रुपवर टाकला. खाली स्वतःचं नाव लिहिलं. पण कोणीतरी वरच्या दोनच ओळी उचलल्या, खालचं शामलाचं नाव तिथंच ठेवलं. आठ दिवसात तो गावभर फिरून तिच्याच मोबाईलवर आला. पाठवणारी तिची मोठी जाऊ, प्रेमिला.

"शामले, असं लिहाले डोकं लागते वं!"

शामलाचं डोकं सटकलं. "ताई, माह्याच आहे तो."

"हो वं, चंद्रभान काय तुह्या एकटीच्याच घरी आहे? आता साऱ्याच म्हणतीन माह्या आहे, माह्या आहे."

ते बोलणं तिले लय लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तं चाललं असतं.

मग प्रेमिलाच्या पोराचं, आयुषचं लगन झालं. दुपारी वरात घरी आली. नवी सून गार्गी दारात, समोर तांदळाचं माप. बाया ओरडून राहिल्या, "नाव घे, नाव घे!" पोरगी घाबरलेली. सासूनं पाठवलेला उखाणा मोबाईलवर काढला अन् जसा होता तसाच वाचला, चंद्रभानरावांसकट.

चंद्रभानराव, म्हणजे शामलाचा नवरा अन् गार्गीचे सख्खे चुलतसासरे, मागं पाण्याचे कॅन उतरवून राहिले होते. कॅन हातातून सुटला.

"काहून गा चंद्रभान," घरातले म्हातारे बापूजी खेकसले, "या वयात दुसरं लगन?"

मांडव फुटला हसून. गार्गीचे डोळे भरले. प्रेमिलाचं तोंड एवढंसं झालं.

शामलाले वाटलं, आता म्हणावं, बघा, कोणाच्या नवऱ्याचं नाव आहे ते! शब्द ओठावर आले होते. पण पोरीची हनुवटी थरथरून राहिली होती. पंचवीस वर्षांआधी आपली अशीच थरथरली होती. ती पुढं गेली, गार्गीच्या कानाशी वाकली.

गार्गीनं नाक पुसलं अन् म्हटलं,

"चुलतसासऱ्याचं नाव घेऊन हसवलं साऱ्या वऱ्हाडाले,
आयुषरावांची झाले आता, पाय लागू द्या उंबरठ्याले."

टाळ्या! माप लवंडलं, तांदूळ पार ओसरीत गेले.

प्रेमिला शामलाकडे बघतच राहिली. "आत्ता बनवला? उभ्या उभ्या?"

"नाही तं काय, डाउनलोड केला?"

"मंग तो संत्र्याचाही..."

"ताई, पोरीले आत घ्या आधी. ऊन लागून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर त्या जुन्या उखाण्याखाली प्रेमिलानं लिहिलं, 'हा शामलाचा आहे.'

बुटीबोरीच्या एका बाईनं विचारलं, 'कोण शामला?'

प्रेमिलाले टाइप करता येत नाही धड. लय वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं:

'माह्यी जाऊ. पुढं पाठवाचा असन तं नावासकट पाठवजा.'