लाइनचं चाक

प्रभावती लाइन लीडर झाली त्या सकाळी मेंटेनन्सच्या माणसाने तिला लाइनच्या टोकाशी नेलं आणि जाळीच्या बाहेर आलेलं एक लोखंडी चाक दाखवलं. जेवणाच्या ताटलीएवढं, मूठ लावलेलं. जाळीच्या आत मोटरच्या दांड्यावर दोन निमुळत्या तबकड्या समोरासमोर बसवलेल्या होत्या आणि त्यांच्या मधून रुंद काळा पट्टा फिरत होता.

"चाक उजवीकडे फिरवलं की तबकड्या जवळ येतात," तो म्हणाला. "पट्ट्याला मधे जागा उरत नाही, तो काठाकडे चढतो. चढला की लाइन जोरात. डावीकडे फिरवलं की तबकड्या लांब, पट्टा आत उतरतो, लाइन हळू. फक्त एक लक्षात ठेवा ताई. फिरवायचं ते लाइन चालू असतानाच. बंद असताना जोर लावला तर पट्टा चिरडतो."

तिने त्याच्या देखत चाक जरासं फिरवलं. पट्ट्याचा घुमणारा आवाज किंचित बारीक झाला आणि लांबवर, पार शेवटच्या बोर्डापर्यंत, सगळी लाइन एक श्वास लवकर पुढे सरकली. तिने मूठ आणखी क्षणभर धरून ठेवली.

चाकणजवळच्या त्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनत असे. लाइनवर उभे बोर्ड न थांबता सरकत राहायचे आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका समोर येणाऱ्या बोर्डावर आपापलं काम करायच्या. कुणी वायरी पसरायची, कुणी कनेक्टर बसवायची, कुणी त्या सगळ्या जुडग्यावर टेप गुंडाळायची. जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी प्रत्येकीची जागा आखलेली होती. काम मागे पडलं तर बोर्ड थांबत नसे. बाईलाच त्याच्याबरोबर चालत पिवळी पट्टी ओलांडून शेजारणीच्या जागेत जावं लागे.

प्रभावती स्वतः कितीतरी वर्षं टेपिंगला उभी राहिली होती. तिचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर मशीनवर होते. मुलीच्या हाताखाली अख्खी लाइन आली हे बघायला ते हवे होते, असं तिला दिवसभर वाटत राहिलं. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "आता लाइन माझ्या हाताने चालते."

धम्मरत्न हिंजवडीला एका कंपनीची गाडी चालवायचा. तो हसला, पण म्हणाला, "जपून गं. गाडी किती पळते ते चालवणाऱ्याला कळत नाही. मागे बसलेल्याच्या पोटाला कळतं."

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग नव्या मॉडेलची ऑर्डर आली आणि प्रॉडक्शनचा इंजिनिअर सिद्धेश सकाळी सकाळी लाइनवर येऊ लागला. तरुण, सौम्य बोलणारा, कधी आवाज न चढवणारा मुलगा. "प्रभावतीताई, थोडं वाढवावं लागेल आज," तो म्हणायचा, आणि ती चाक थोडं उजवीकडे फिरवायची. बायका सवयीने हात जुळवून घ्यायच्या. चार दिवसांनी तो परत यायचा. एकदम वाढवलं की ओरड होते, थोडं थोडं वाढवलं की होत नाही, हे प्रभावती आपोआप शिकली. चहानंतर एकदा, जेवणानंतर एकदा, असं ती फिरवू लागली. त्यात आपण काही चुकीचं करतो आहोत असं तिला वाटत नव्हतं. काम वाढलं होतं, इतकंच.

बदल तिला कळला तो आवाजावरून. ती लाइनच्या टोकाकडे चालायला लागली की बायकांची बोलणी तुटायची. कस्तुरा नावाची एक चटपटीत पोरगी कनेक्टरला होती. ती हळूच म्हणायची, "ताई निघाल्या चाकाकडं. आवरा गं हात." जेवायला बसताना तिला जागा करून द्यायच्या, भाजी पुढे सरकवायच्या, पण ती बसली की घरच्या गोष्टी बंद. जणू साहेबच पंगतीला बसला आहे.

एक शालनबाई तेवढ्या पूर्वीसारख्या बोलायच्या.

शालनबाई लाइनवर सगळ्यांत वयस्क. केजकडच्या. नवऱ्यामागे मोशीला आल्या, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन अंबाजोगाईला गेली, आणि त्या एका खोलीत एकट्या राहायच्या. प्रभावतीला कंपनीत आणलं ते त्यांनीच. टेपचा रोल तळहातात कसा धरायचा, मनगट न वळवता अंगठ्याने ताण कसा द्यायचा, हे त्यांनी तिला मागे उभं राहून, तिचा हात आपल्या हातात घेऊन शिकवलं होतं. प्रभावती लीडर झाल्यावर तिच्या टेपिंगच्या जागेवर त्याच उभ्या राहिल्या. ती त्यांना मावशी म्हणायची.

आता मावशी मागे पडू लागल्या. आधी पिवळ्या पट्टीपर्यंत, मग पट्टीच्या पलीकडे. पुढची जागा कस्तुराची. पहिले काही दिवस कस्तुरा बाजूला सरकून त्यांना वाट द्यायची. पण तिलाही तिचं काम होतं. कोपराला कोपर लागायला लागलं. एकदा कस्तुराच्या हातातला कनेक्टर खाली पडला आणि ती चिडून म्हणाली, "मावशी, किती पुढं येता हो!"

"येत न्हाई मी. बोर्ड आणायलाय मला," शालनबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. प्रभावतीने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर एक हार्नेस, म्हणजे वायरींचा तो जुडगा, अर्धवट टेप होऊन पुढे गेला. तपासणीतही सुटला. गाडीच्या कंपनीत तो सापडला आणि तिथून तक्रार आली. सिद्धेश लाइनवर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"टेपिंगला कोण होतं त्या दिवशी?"

प्रभावती जाळीतल्या पट्ट्याकडे बघू लागली.

"मला माहीत आहे ताई," तो म्हणाला. "पण लाइन लीडरकडून यावं लागतं. उद्यापर्यंत नाव कळवा. कॉन्ट्रॅक्टर दुसरी बाई देईल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये प्रभावती मुद्दाम शालनबाईंच्या शेजारी उभी राहिली. बस वळली तेव्हा मावशींनी आधारासाठी डावा हात वर केला. उजवा पदराखाली होता. पुढच्या वळणालाही डावाच. तिसऱ्यांदा बसने ब्रेक मारला तेव्हा उजवा हात चुकून बाहेर आला, दांड्याला लागला आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"मावशी, बघू हात."

"काय बघायचंय त्यात? मुंग्या येतेत जरा."

"कधीपासून?"

"तू चाक फिरवायलीस तवापासून," शालनबाई म्हणाल्या, आणि लगेच खिडकीबाहेर बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "मस्करी केली गं. वयाचं हाय."

पण प्रभावतीला ती मस्करी वाटली नाही. घरी तिने भाकरी केल्या, वाढल्या आणि स्वतः जेवली नाही. धम्मरत्नने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने तिचं ताट तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "नाव नाही दिलंस तर तुझं जाईल."

"माहिती आहे."

"मग?"

"मला आधी बघायचंय, मी जो वेग लावलाय तो माझ्या हाताला झेपतो का."

दुसऱ्या दिवशी सिद्धेश आला तेव्हा ती म्हणाली, "सर, नाव सांगायच्या आधी एक करा. थोडा वेळ चाकापाशी तुम्ही थांबा. टेपिंगला मी उभी राहते."

"त्याने काय होणार आहे?"

"मला झेपलं तर मी नाव देते. शालनबाई सोडल्या तर लाइनवर माझ्याइतकं टेपिंग दुसऱ्या कुणी केलेलं नाही, हे तुम्हालाही माहिती आहे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग मान हलवली. प्रभावतीने शालनबाईंना बाजूला बसायला सांगितलं. मावशींनी टेपचा रोल तिच्या हातात दिला आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

पहिले बोर्ड तिने सहज काढले. हात विसरले नव्हते. कस्तुराही तिच्याकडे बघून ओठांतल्या ओठांत हसली. मग मनगटात ऊब आली, मग दुखू लागलं. जुडग्यातून फुटलेल्या एका फांदीवर टेप दुमडली, ती सोडवून पुन्हा लावेपर्यंत बोर्ड पट्टीवर आला होता. पुढचा त्याहून लवकर आला असं तिला वाटलं, पण वेग तोच होता. ती बोर्डाबरोबर एक पाऊल चालली. मग दोन. मान वर करायला वेळ नव्हता. आपण मुद्दाम हळू करतोय असं कुणाला वाटू नये म्हणून तिने दात आवळून हात चालवले, आणि तरीही ती पुढे पुढे ओढली गेली. तिचा खांदा कुणाच्या तरी खांद्याला लागला.

"ताई," कस्तुरा अगदी हळू म्हणाली, "माझ्या जागेत आलात."

लाइनवरच्या सगळ्या बायकांनी पाहिलं. कुणाच्याही तोंडावर आनंद नव्हता. प्रभावतीने वळून टोकाकडे पाहिलं. सिद्धेशचा हात चाकावर होता. त्याने काही क्षण तसाच ठेवला आणि मग चाक डावीकडे फिरवायला लागला. पट्ट्याचा आवाज उतरत उतरत जाड झाला आणि बोर्ड मंदावले.

तो तिच्याजवळ आला तेव्हा म्हणाला, "मलाही वरून विचारतात ताई. पण टेपिंगच्या दोन जागा करायला हव्यात, हे मी त्यांना सांगतो." त्याने ते सांगितलं. दोन-तीनदा वर जाऊन भांडला, असं नंतर कळलं. त्या आठवड्यात टेपिंगच्या दोन जागा झाल्या. शालनबाईंचं नाव कुणी मागितलं नाही.

पण प्रभावती टेपिंगला उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी शालनबाई आल्याच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी प्रभावती मोशीला त्यांच्या खोलीवर गेली. मावशी दारातच बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होत्या. त्यांनी तिला आत ये म्हटलं नाही.

"मावशी, दोन जागा झाल्या टेपिंगच्या. तुमचं नाव नाही गेलं."

"कळलं मला."

"मग येत का नाही?"

शालनबाईंनी शेंगा बाजूला सरकवल्या. "तू मला भितीला उभं केलंस, प्रभा. सगळ्यांच्या म्होरं. एवढे दिवस मी कुणाला कळू दिलं न्हवतं, हात दुखतोय म्हणून. जेवायच्या सुट्टीत लाइन थांबली की न जेवता उरलेलं करायचे, पण कळू दिलं न्हाई. आन् तू माझ्या हातातून टेप काढून घेतलीस."

"मी तुमच्यासाठीच केलं हो."

"केलंस. चांगलंच केलंस. पण मला इचारलं का?"

प्रभावती उंबऱ्यावर बसली. मी चाक सोडते, उद्याच सांगते, पुन्हा टेपिंगला उभी राहते, असं ती बोलत गेली आणि तिला रडू आलं. मावशींनी ते थोडा वेळ चालू दिलं. मग म्हणाल्या, "सोडून काय करतीस? दुसरी कुणी धरंल. तिला तर कुणाचा कोणता हात दुखायलाय तेबी ठावं नसंल." त्या उठल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. भांडं डाव्या हाताने उचलताना ते हिंदकळलं, तेव्हा प्रभावती मागोमाग गेली. या वेळी तिने आधी विचारलं, "मावशी, मी धरू का?"

"धर," शालनबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दोघी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून, वाकवून पाहिलं, तपासण्या करवल्या आणि सांगितलं की मनगटातली शीर दबली आहे, ऑपरेशनने दुखणं कमी होईल, पण हे काम आता करू नका. शालनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे नाव गेलं न्हाई, पन जागा गेलीच की." त्यात राग नव्हता. प्रभावतीला मात्र ते वाक्य पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिलं. पट्टा त्या वेगाला चढवला होता तिनेच, आणि तो उतरला उशिरा.

ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि मुलीने त्यांना अंबाजोगाईला बोलावून घेतलं. वल्लभनगरच्या स्टँडवर प्रभावतीने त्यांचं बोचकं गाडीत चढवून दिलं. खिडकीतून शालनबाईंनी उजवा हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला. बोटं अजून नीट वळत नव्हती. "लाइनीवरच्या पोरींकडं बघ. तब्येत सांभाळ," एवढंच त्या म्हणाल्या. गाडी गेली. प्रभावती तशीच दुसऱ्या शिफ्टला कामावर गेली.

काही दिवसांनी सिद्धेश पुन्हा लाइनवर आला. ऑर्डर वाढली होती. "ताई, थोडं वाढवता येईल का?" त्याने विचारलं. यावेळी तो विचारत होता.

"मी एक चक्कर मारून येते," प्रभावती म्हणाली.

ती एका टोकापासून निघाली आणि प्रत्येक बाईपाशी थांबली. बऱ्याच जणी म्हणाल्या, चालेल ताई. कस्तुरा म्हणाली, माझं होईल, पण पलीकडचीला विचारा. टेपिंगच्या दुसऱ्या जागेवर दिव्या नावाची नवी मुलगी होती, यवतमाळकडून आलेली. ती आधी नुसती होकाराची मान हलवत राहिली. प्रभावती तिथेच उभी राहिली, तेव्हा खाली बघत म्हणाली, "जड जाईल ताई मला. अजून हात बसला नाही."

प्रभावती परत आली. "आज नको सर," ती म्हणाली. "महिनाभराने बघू."

सिद्धेशने टेपिंगच्या जागांकडे पाहिलं, होकाराची मान हलवली आणि वरच्या ऑफिसकडे निघून गेला. वरून काय उत्तर येईल हे तिला माहीत नव्हतं. ती दिव्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मनगट वळवू नकोस. अंगठ्याने ताण दे. हात धरून दाखवू का?"

मुलीने मान डोलावली.