फेरतपासणी

"ही बाई तुमची कोण?" तलाठ्याने विचारलं.

दादा पलंगावर बसला होता. त्याने आधी खोकून घेतलं, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात सत्तावीस वर्षं कोळशाच्या धुळीत काढलेल्या माणसाला खोकला केव्हाही आणता येतो. देवराम तलाठी मांडीवर फाईल घेऊन वाट बघत होता. ती बाई, म्हणजे कुसाबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी, यादव बोराडेंची धाकटी बहीण आशा, 'सहज आले होते' असं सांगून दारापाशी खुर्चीत बसले होते.

हा प्रश्न या घरात मीच आणला होता. ते कुणाला माहीत नव्हतं.

मी तहसील कचेरीत निराधार शाखेत कारकून. ज्यांना कुणी नाही, अशा विधवा, टाकलेल्या बायका, अपंग, यांना सरकार दरमहा थोडे पैसे देतं, त्यांच्या याद्या करायचं माझं काम. चौदा वर्षं तेच. दोन हजार एकच्या मार्चमध्ये यादी उतरवताना एक नाव आलं : कुसाबाई सोमा गावित, विधवा, द्वारा यादव बोराडे, सामनगाव रोड. मी पाणी प्यायले आणि पुढची नावं लिहीत गेले.

आठ वर्षं माझ्या भावाच्या घरात राहणारी, त्याच्या शेजारी ताट घेऊन जेवणारी बाई निराधार! सरकारचा पैसा लाटते म्हणून माझा संताप झाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सरकारच्या पैशाचं मला काही सोयरसुतक नव्हतं. मला भीती होती घराची. जागा आमच्या वडिलांची. माझा हिस्सा मी सोडला तो दादाच्या मुलाला, दिनेशला मिळावा म्हणून. उद्या हिने बायको म्हणून हक्क सांगितला तर? फसवणुकीत सापडली की घाबरून आपण होऊन जाईल, असा माझा हिशेब. म्हणून तिचं नाव मी फेरतपासणीच्या यादीत घातलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक काढलं.

कुसाबाई सुरगाण्याकडची. तिचा माणूस सोमा पिंपळगावला द्राक्षाच्या बागेत मजुरीला येऊन तापाने गेला. वहिनी वारली त्यानंतर दोन वर्षांनी, त्र्याण्णव साली, ती दादाकडे आली. तेव्हा खरोखरच धुण्याभांड्याला आली होती. नंतर कधी तिचं ताट दादाच्या ताटाशेजारी आलं, ते गल्लीला आमच्या आधी कळलं. मी तिला एकदा तोंडावर विचारलं होतं, लग्न का करत नाही म्हणून. ती हसली होती.

"आमच्याकडं घर आदी करत्यात ताई, लगीन मागनं. घरात धान्य आलं की. कवाकवा तर पोरांच्या लग्नात आईबापाचं बी उरकत्यात. करू की सवडीनं."

मला तो निव्वळ निर्लज्जपणा वाटला. तिच्या लेखी ती लग्न व्हायची राहिलेली बायको होती, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

"बोला बोराडे, कोण ही?" देवरामने पुन्हा विचारलं.

दादाने मान वर केली. त्याचा चेहरा मला पाठ आहे. खरं बोलायचं ठरलं की तो आधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतो. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. चौदा वर्षं फायली चिवडणाऱ्या मला तोवर सुचलंच नव्हतं की फसवणूक सिद्ध व्हायची तर ती आधी बायको ठरायला हवी. आणि पंचांसमोर बायको ठरली, की मला जी भीती होती तीच कागदावर येणार. मीच आणलेली.

"भाऊसाहेब, ही..." दादा म्हणाला.

"कामाला हाय मी," कुसाबाई म्हणाली. ट्रे जरासुद्धा हलला नाही. "सैपाक, धुणंभांडी."

"राहता इथंच?"

"व्हय. पडवीत पडते. लांबनं येनं जमत नाय."

पडवीत दादाची सायकल होती, गोवऱ्या होत्या, कांद्याची दोन पोती होती. माणसाने आडवं व्हायचं म्हटलं तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. देवराम बसला होता तिथून सगळी पडवी दिसत होती. त्याने तिकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"काय बोराडे? बरोबर?"

दादा तिच्याकडे बघत होता. ती चहाकडे. शेवटी तो म्हणाला, "हो. कामाला आहे."

देवरामने लिहिलं : सदर महिला घरकामास असून घरमालकाशी तिचे कोणतेही नाते नाही, तिला आधार देणारे कोणी नाही. अशी वाक्यं मी हजारदा वाचली होती, लिहिताना कधी पाहिली नव्हती. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. शेजारच्या लताबाईंना हाक मारली, त्यांनी वर न बघता सही केली. या आठ वर्षांत कुसाबाईकडून त्यांनी विरजणापासून वातीपर्यंत सगळं उसनं नेलं होतं.

"ताई, दुसरी सही तुम्हीच करा. सख्खी बहीण, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?" देवराम म्हणाला. मी कुठल्या शाखेत आहे हे त्याला माहीत होतं. त्याला लवकर घरी जायचं होतं.

मी सही केली. लबाडी पकडायला आले होते आणि त्याच लबाडीखाली नाव घालून मोकळी झाले. मला तेव्हा लाज वाटली नाही. हायसं वाटलं.

"चा गार झाला," कुसाबाई म्हणाली. "दुसरा टाकते."

तिचे पैसे चालू राहिले. पण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा दादा एकटाच जेवत होता, आणि ती मागाहून ओट्यापाशी बसून जेवली. त्यानंतर मी कधी तिचं ताट त्याच्याशेजारी पाहिलं नाही. गल्लीत तपासणीची कुणकुण होती, म्हणून ती जपत असेल. मी तशी समजूत करून घेतली.

एकदा दादा म्हणाला, "आशा, त्या दिवशी मी सांगणार होतो."

"मग सांगायचं होतंस."

"तिनं आधी बोलून टाकलं. तेवढेच पैसे तिचे स्वतःचे होते गं." मग म्हणाला, "तू यायला नको होतंस."

त्याला कितपत कळलं होतं, ते मी विचारलं नाही.

दोन हजार चारच्या जानेवारीत दादा गेला. दसकच्या घाटावर दहावा झाला. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडत, दिनेशच्या बायकोला, हर्षालीला जवळ घेत, आणि कुसाबाईने दिलेला चहा पिऊन जात. तिच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ती रडली का, तेही मला सांगता येणार नाही. मी रडले, पण ते लोक बघत होते म्हणून. आत काहीच हलत नव्हतं.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर दिनेश दादाची पेटी घेऊन बसला. तो पुण्याला राहायचा, पण त्याला सगळं माहीत होतं. पेटीत त्याला पंचनाम्याची नक्कल सापडली. त्याने ती नीट वाचली.

"आत्या, बाईंना दोन महिन्यांचा पगार देऊन टाकतो. बरोबर होईल ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने कागद माझ्यासमोर धरला. "यात लिहिलंच आहे. सही तुझीच आहे की."

स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता. हर्षाली भिंतीकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता. वहिनी. लहानपणापासून तोंडात बसलेला, साधा शब्द. मी तो बोलले असते तर दिनेशने ऐकून घेतलं असतं, तो वाईट मुलगा नाही.

"दे," मी म्हणाले.

कुसाबाई हात पुसत बाहेर आली. दिनेशने पाकीट पुढे केलं.

"कशाचं?" तिने विचारलं.

"पगाराचं. बाबांकडे राहिला असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कचेरीच्या खिडकीत म्हातारी माणसं बघतात तसं, काही मिळायचं नाही हे ठाऊक असलेलं.

"त्यांनी माजं काय बी बाकी ठेवलं नाय," ती म्हणाली.

ती आत गेली. तेराव्याची मोठी पातेली राहिली होती, ती तिने घासली, ओटा पुसला, सिलेंडर बंद केला. मग एक पिशवी घेऊन आली. आठ अधिक तीन, अकरा वर्षांचं एवढंच सामान.

"भांडी झाली ताई. सुरगाण्याची गाडी हाय साडेचारला. येते."

"जपून जा," मी म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण एवढंच म्हणाले.

फाटक वाजलं. दिनेशने पाकीट पुन्हा खिशात ठेवलं आणि आत डोकावून पातेल्यांकडे बघितलं.

"चांगली होती गं बाई," तो म्हणाला. "पुण्याला येते का विचारायला हवं होतं. हर्षालीला घरात कुणीतरी हवंच आहे."

"नाही येणार ती," मी म्हणाले, आणि धुतलेली पातेली एकेक करून पुसायला घेतली.