वरची खोली खाली ठेवा

अरे, सुरभीच्या हॉटेलचा किस्सा ऐकला का तुम्ही? नाही? मग बसा, पोहे खात खात ऐका, पण मधे कोणी बोलायचं नाही, हां.

तर सुरभीला नोकरीसाठी हैदराबादला जायचं होतं, पुढच्या बुधवारी. सुदामा नगरच्या घरात नुसता पसारा. सूटकेस उघडी पडलेली, आणि आई, म्हणजे सरलाकाकू, लोणच्याच्या बरणीला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून राहिलेली. एक, दोन, तीन पिशव्या. आणि गुंडाळता गुंडाळता एकदम सहज म्हणते, "एकदा असं व्हावं बघ. सकाळी डोळे उघडावे आणि कोणीतरी आयता चहा हातात द्यावा."

बस. एवढंच बोलली आणि चौथी पिशवी शोधायला गेली.

पण सुरभीच्या डोक्यात ते अडकलं ना! कारण खरंच, एकतीस वर्षं लग्नाला झाली, आई हॉटेलात कधी राहिलीच नव्हती. उज्जैनला गेली तर आत्याकडे, भोपाळला गेली तर मावशीकडे. आणि कुठेही गेली की दहा मिनिटांत पदर खोचून किचनमध्ये. "अगं दे इकडे, मी चिरते." सुरभीनी जन्मापासून हेच बघितलं. मग तिनी ठरवलं, जायच्या आधी दोन दिवस आईला अशा जागी न्यायचं, जिथे तिनी कपसुद्धा उचलायचा नाही. मतलब नाहीच उचलायचा. आणि रविवारी सकाळी आयता चहा.

हातोद गावाच्या पुढे एक जुनी कोठी आहे, तिचं हॉटेल केलेलं. हॉटेल तलाव कोठी. फोटो बघितले तर भिया, काय फोटो! वरच्या मजल्यावर एक खोली, रंगीत काचांच्या खिडक्या, जाळीची गॅलरी, समोर तलाव आणि मधोमध हा एवढा मोठा शिसवी पलंग. सुरभीनी लगेच फोन लावला, हिंदीत बोलायला लागली, तर तिकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "मराठीत बोला की ताई, माझी हिंदी जरा कच्ची आहे." म्हणजे आपलेच! सुरभी खूश. लक्ष्मणराव नाव त्यांचं, हॉटेल तेच सांभाळायचे, मिरजेचे, चारच महिने झाले होते इकडे हिंदी मुलखात येऊन.

"काका," सुरभी म्हणाली, "शनिवारी येतोय आम्ही, आई, बाबा आणि मी. आईचे गुडघे दुखतात, तिला काही त्रास नको. आणि ती वरची खोली आहे ना, गॅलरीवाली? ती आमच्यासाठी खाली ठेवा."

"खाली ठेवू?"

"हो ना, पक्की खाली पाहिजे."

"म्हणजे... सगळंच?"

"सगळंच म्हणजे काय काका, एकदम खाली! शनिवारी मी येऊन बघणार आहे."

मग लक्ष्मणराव म्हणाले, "बरं. वेळ लागेल, पण ठेवतो."

सुरभीला वाटलं, असेल कोणीतरी पाहुणा त्या खोलीत, त्याला हलवायला वेळ लागत असेल. फोन ठेवला आणि घरभर नाचली.

शनिवारी निघाले. बाबा, नंदूकाका, गाडी चालवताना सतरा वेळा म्हणाले, "घरी काय वाईट होतं?" आई मागे बसलेली, नवी साडी, मांडीवर पिशवी. सुरभीनी वळून बघितलं, "आई, त्या पिशवीत काय आहे?"

"काही नाही गं. थोडा चिवडा. आणि ओल्या हरभऱ्याचं सोलाणं."

"सोलाणं? कशाला?"

"असू दे. हॉटेलात असेलच असं थोडीच आहे."

आता पोहोचले ते ऐका. पाटीवरचं 'व' पडलेलं, त्यामुळे नाव होतं 'हॉटेल तला कोठी'. बाबा म्हणाले, "तला? कोणी तळली?" सुरभी हसली नाही. तलाव बघायला गेली तर पाणी मधोमध थोडंसं, बाकी चिखल, आणि चिखलात अकरा म्हशी. फोटो दहा वर्षं जुने असतील, अजून काय! त्यात नळाला गरम पाणी नाही, आणि आचारी गावातल्या लग्नाला गेलेला, दोन दिवस येणार नाही.

तरी सुरभी म्हणाली, ठीक आहे, खोली तर आहे ना. खोली बघा एकदा.

लक्ष्मणराव समोर आले. पांढरी टोपी, कमरेला घट्ट गुंडाळलेली शाल, चालताना एका बाजूला वाकडे. तरी चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. "या वहिनी, या! सगळं तयार आहे." आणि जिना सोडून सरळ खालच्या बाजूला वळले.

खालची खोली म्हणजे लसणाच्या कोठाराच्या शेजारची. वास असा की डोळ्यांत पाणी. दार अर्धंच उघडत होतं, कारण आत तो शिसवी पलंग! त्याच्या बाजूला खोलीचा मूळचा पलंग. त्यावर उलटी ठेवलेली एक खुर्ची. आरशाचं कपाट भिंतीला तोंड करून, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. टेबल, पितळेचा दिवा, वेताची आरामखुर्ची, सगळं एकावर एक. बाथरूमला जायचं तर पलंगावर चढून पलीकडे उतरायचं. आईनी साडी जरा वर धरली, पलंगाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "घरी काय वाईट होतं?"

आणि सुरभी फाटली. मतलब खरंच चिडून फाटली! "काका, हे काय करून ठेवलं? आम्ही वरची खोली सांगितली होती! इथे माणूस राहू शकतो का? आईचे गुडघे दुखतात आणि ती पलंग ओलांडून आंघोळीला जाणार? मी फोनवर दहा वेळा सांगितलं!"

लक्ष्मणरावांचा चेहरा असा पडला ना. म्हणाले, "पण ताई, तुम्हीच सांगितलंत की. वरची खोली खाली ठेवा म्हणून. मी विचारलं पण, सगळंच का? तुम्ही म्हणालात, एकदम खाली."

मग बाबांच्या डोक्यात उजेड पडला. ते भिंतीला टेकले आणि हसायला लागले, असे हसले की चष्मा काढावा लागला. "अगं सुरभी, तू खाली म्हणालीस आपल्यावालं! रिकामी! डबा खाली, बस खाली! हे मिरजेचे, यांचं खाली म्हणजे ते खालचं खाली!" त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं.

"अरे देवा," सुरभी म्हणाली.

"मला वाटलं," लक्ष्मणराव हळूच म्हणाले, "आईला जिना चढायला नको म्हणून मुलगी किती विचार करते. मी हिला म्हटलं पण तसं."

आई मात्र हसली नव्हती. तिनी विचारलं, "हे सगळं उतरवलं कोणी?"

"मी आणि ही. दुसरं कोण आहे इथं? पलंग खोलला, एकेक पाय आणला. दोन दिवस लागले."

'ही' म्हणजे इंदुमतीबाई. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, उजवं मनगट सुजलेलं, त्यावर हळदीचा लेप, आणि डाव्या हातानी परातीत कणीक भिजवायचा प्रयत्न चाललेला. परात गोल गोल फिरत होती. पाहुण्यांना पहिल्या दिवशी पोळ्या मिळाल्याच पाहिजेत म्हणे.

सुरभीनी आईकडे बघितलं. तिला माहीत होतं आता काय होणार. "आई, नाही हां," ती म्हणाली. "आई, बस. प्लीज."

"अगं, त्यांचा हात तर बघ," आई म्हणाली, आणि पदर खोचला.

घड्याळ लावलं असतं तर बरोबर दहा मिनिटं झाली असती.

सुरभी तडक जिना चढून वर गेली. वरची खोली खरंच खाली होती, आपल्यावाली खाली. एक खिळासुद्धा नाही. दुपारचं ऊन रंगीत काचांतून आलेलं, जमिनीवर लाल, हिरवे, पिवळे चौकोन पडलेले, आणि पलंगाचे चार पाय जिथे होते तिथे चार काळसर डाग. लादीवर घासल्याच्या लांब रेघा, दारापर्यंत. मधेच एके ठिकाणी रेघ थांबलेली. तिथे ते दोघं थांबले असतील, दम खायला. सुरभी त्या रेघेजवळच बसली आणि रडायला लागली. खालून मोहरी तडतडल्याचा आवाज आला, तर अजून रडली.

थोड्या वेळानी आई आली, एकेक पायरी चढून, गुडघा धरून. हातांना पिठाचा वास. शेजारी बसायला खुर्ची नाही, म्हणून भिंतीला टेकून जमिनीवरच बसली.

"हॉटेलात आणलं तरी तू फोडणीच देऊन राहिली," सुरभी म्हणाली. "मी बुधवारी जाणार. मग कधी देणार तुला कोणी चहा?"

एरवी आई म्हणाली असती, असू दे गं, मला कुठे काय वाटतं. सुरभी त्याचीच वाट बघून राहिली होती. पण आई गॅलरीतून म्हशींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला पण वाईट वाटलं गं. काल रात्री साडीला इस्त्री करताना मी खरंच विचार करून राहिले होते, की चहा कपबशीत देतील का मगमध्ये."

आईनी असं काही म्हटलेलं सुरभीनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दाराशी बाबा उभे होते. कधी आले माहीत नाही. त्यांनी डोकं खाजवलं आणि खाली निघून गेले. पाच मिनिटांनी जिन्यात धाडधाड. बघतात तर बाबा डोक्यावर गादी घेऊन वर येऊन राहिलेले, मागून लक्ष्मणराव ओरडतायत, "साहेब, मी धरतो!" आणि बाबा ओरडतायत, "तुम्ही कमरेची ती शाल सोडायची नाही, काही उचलायचं नाही!" मग सुरभी उठली. तिनी आणि बाबांनी मिळून तीन गाद्या, उशा आणि ती वेताची आरामखुर्ची वर आणली. पलंग राहू दिला. आरामखुर्ची गॅलरीत, गाद्या जमिनीवर. आईनी उशीला हात लावला तर बाबा म्हणाले, "बसून राहा!" असं जोरात, की ती खरंच बसली.

जेवायला आईच्या पोळ्या, खिचडी आणि सोलाणं, पाचही जण एकत्र. आणि रविवारचं सांगते आता.

सुरभीनी साडेपाचचा अलार्म लावलेला. आई रोज पावणेसहाला उठते, तिच्या आधी उठून चहा करायचा, असा प्लॅन. अलार्म वाजला, सुरभीनी डोळे उघडले तर आई आधीच जागी! छताकडे बघत पडलेली. पाय पांघरुणाच्या बाहेर काढायच्या बेतात.

"आई, हलू नको," सुरभी घाईनी उठायला लागली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं. एक पायरी, मग थांबा. दुसरी पायरी, मग थांबा. आणि कपबशीचा किणकिण आवाज. खालून इंदुमतीबाईंचा आवाज, "बशी सरळ धरा भाऊ, सांडतोय!"

बाबा. नंदूकाका, ज्यांना स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठला ते माहीत नाही! बनियनवर टॉवेल टाकलेला, कपाळावर घाम, हातात ट्रे, ट्रेमध्ये एकच कपबशी. इंदुमतीबाईंनी स्टुलावर बसून सांगितलं आणि यांनी केलं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. चहा काळाभोर, वर आल्याचा एक अख्खा तुकडा तरंगून राहिलेला, आणि बशीत कपाइतकाच चहा.

"घे," बाबा म्हणाले.

आई उठून आरामखुर्चीत बसली. कप दोन्ही हातांनी धरला. आधी बशीतला प्यायली, मग कपातला, अगदी हळूहळू. समोर ऊन यायला लागलं होतं, म्हशी एकेक करून चिखलात उतरत होत्या. सुरभी श्वास रोखून बघत होती, आई आता म्हणेल, गाळणं नव्हतं का, किंवा दूध कमी झालं. पण आईनी आल्याचा तुकडा काढून बशीच्या कडेला ठेवला, फक्त.

मग तिनी कप हातात धरूनच जिन्याकडे तोंड केलं आणि मोठ्यानी, मस्त आवाजात हाक मारली, "अहो, कप खाली झाला हो!"

खालून लक्ष्मणराव घाईघाईनी ओरडले, "नाही वहिनी! इथं खाली काही आला नाही!"

आई हसली. कालपासूनचं सगळं हसणं एकदम बाहेर आलं, डोळ्यांतून पाणी, खुर्ची करकरतेय, सुरभी गादीवर लोळतेय, खाली इंदुमतीबाई लक्ष्मणरावांना विचारतायत, "काय झालं हो, काय म्हणाल्या?"

बाबा कप घ्यायला पुढे आले. "अजून देऊ?"

"द्या," आई म्हणाली. आणि पाय वर घेऊन बसली, उठली नाही.