घडीत गेलेला गळा

संपादक उबुकाता-सानांनी लेखाचा छपाईआधीचा नमुना टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर चढवला. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच मोठा फोटो होता. हामुरो सेत्सु, वय एकाहत्तर, गळ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी पुन्हा गायला उभी राहिलेली. पाचच्या आत उबुकाता-सानांची सही झाली नाही, तर लेख या अंकातून गळणार होता. आणि बाईंची मैफल पुढच्याच आठवड्यात होती.

"छान सजवलंय," ते म्हणाले. "सोनेरी अक्षरं, अक्षरांना सावली, सावलीला झालर. गाण्यावरचा लेख आहे की मिठाईचा खोका?"

नवा डिझायनर शिगेता हसला. बक्षिसं मिळवलेला माणूस; त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

"आणि मजकूर उभा सोडून आडवा का रे? आपलं जपानी मासिक उजवीकडून उघडतं, आणि आडव्या ओळी डावीकडून सुरू होतात. वाचक आधी उजव्या पानावर येणार आणि लेखाचा शेवट वाचणार. मैफल उठल्यावर वाद्य जुळवायला बसल्यासारखं!"

"आडवं आधुनिक दिसतं, उबुकाता-सान."

"दिसतं खरं. वाचायचं कुणी?"

त्यांनी कागदाची मधोमध घडी घातली आणि मासिकासारखा तो अर्धवट उघडला. बाईंचा एक कान या पानावर, दुसरा त्या पानावर, आणि गळा घडीत गडप. छापखान्यात या घडीच्या जागेला 'नोदो' म्हणतात. नोदो म्हणजे गळाच.

"तुझ्या संगणकाच्या पडद्याला नोदो नसतो, शिगेता-कुन. कागदाला असतो."

"ठाऊक आहे मला. मुद्दामच केलंय. व्रण दिसतो तिथे. म्हटलं, बाईंची लाज राखावी."

उबुकाता-सानांनी घडी उलगडली. फोटो काढताना ते तिथे होते. बाईंनी गळ्याचा स्कार्फ स्वतःच्या हाताने सोडून खुर्चीवर टाकला होता. "हा दिसू दे," एवढंच म्हणाल्या होत्या, घोगऱ्या आवाजात.

"वा रे वा! डॉक्टरांनी जो वाचवला, तो गळा तू कापलास."

"मग माझं नाव काढून टाका यातून."

"काढतो की. चार ठिकाणी घातलंयस."

त्यांनी लाल पेन्सिल उचलली. फोटो सबंध डाव्या पानावर, मजकूर उभा, उजवीकडून. सोनेरी अक्षरांवर काट. तरी शेवटच्या तीन ओळी मावेनात. शिगेताची चारही नावं गेली, तेव्हा कुठे त्या बसल्या.

पाचला दहा मिनिटं असताना त्यांनी सही केली.