चौथ्या शर्यतीतली एकटी घोडी

सूनबाईचं म्हणणं एवढंच होतं, की प्रत्येक शर्यतीत तीन-तीन घोडे घ्यायचे नाहीत. झालं! सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"चार शर्यती, प्रत्येकीत तीन घोडे. म्हणजे बारा तिकिटं. बारा काय जड आहेत?"

"बाबा, बारा नाही, एक्क्याऐंशी! बेरीज नसते, गुणाकार असतो."

सासऱ्यांनी बोटं मोजली, ती संपली, मग पोस्टमनकाकांकडे बघितलं. काका म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, चाळीस वर्षं घरोघरी टपाल वाटून आता निवृत्त. त्यांनीही मान खाली घातली. म्हणजे सहा वर्षं हे दोघं पैसे का पुरत नाहीत म्हणून तिकिटांच्या खिडकीवाल्याशी भांडत होते, बोला!

तर ते तिकीट असं, की ओळीनं चार शर्यतींत कोण पहिलं येणार ते आधीच सांगायचं. चारही बरोबर आले तरच पैसे, तीन आले तर हात हलवत घरी. सूनबाई दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावते. कुठे गर्दी उसळणार आणि कुठे एकाला एक पुरणार, हे तिला बरोबर कळतं. तिनं मांडणी केली. पहिल्या तीन शर्यती बेभरवशाच्या, तिथं दोन-दोन घोडे. चौथीत सात नंबरची काळी घोडी सगळ्यांची लाडकी, तिथं ती एकटीच. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ एके आठ. आठ तिकिटं, विषय संपला.

"आणि ती एकटी हरली तर?" सासरे म्हणाले.

"तर पुन्हा तुमच्या तिकिटात नाक खुपसणार नाही."

"बघ हं. घोडामैदान जवळच आहे."

शनिवारी खिडकीपाशी ही गर्दी! काका मागून तिच्या चिठ्ठीवरचे आकडे ओरडत होते, चौथीपुढे नुसतं 'काळी घोडी' लिहिलेलं म्हणून तो आकडा शर्यतींच्या छापील कार्डावरून; सूनबाई पुढे गडबडीत ऐकेल तेच खिडकीत सांगत होती. आठही एकाच कागदावर छापलेलं तिकीट हातात पडलं आणि तिघं धावत कठड्याला. पहिली शर्यत बरोबर आली. दुसरी आली. तिसरी तर अशी आली, की सासऱ्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाची टोपी काढून हवेत उडवली.

आणि तेव्हा कुठे सूनबाईनं तिकीट नीट बघितलं. चौथ्या शर्यतीपुढे सात नव्हतं. तीन होतं.

"काका, तुम्ही तीन सांगितलंत?"

"तीनच आहे की! हे बघ, काळी घोडी, तीन."

"अहो, ती ज्या दारातून सुटते त्या दाराचा नंबर आहे तो! घोडीचा नंबर इकडे, सात!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. "चाळीस वर्षं गं... नजर आधी दारावरच जाते."

आणि तीन नंबर कोण? एक ढेरपोट्या तपकिरी घोडा, जन्मात कधी पहिल्या पाचांत न आलेला. तिकीट आता बदलणार नव्हतं. सासरे म्हणाले, "संपलं तुझं गणित." सूनबाईनं उगाच तिकीट उलटंपालटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि डोळेच विस्फारले.

तेवढ्यात घोडे दारांत शिरायला लागले. सगळे गेले, तीन नंबर अडून बसला.

"जा रे राजा! जा आत, सोन्या!" सासरे आणि काका बेंबीच्या देठापासून ओरडले.

"नको जाऊस!" सूनबाई त्यांच्या वरताण. "हलू नकोस! शहाणा ना तू!"

"अगं, वैरीण आहेस का?"

चार माणसं त्याला मागून ढकलतायत, हा पठ्ठ्या पाय रोवून उभा. शेवटी एकाला लाथ बसली आणि भोंग्यावर पुकारा झाला: तीन नंबर बाद. सासरे डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

"बाबा, उठा! मागे लिहिलंय. आपला घोडा ऐनवेळी बाद झाला, तर तिकीट आपोआप सगळ्यांत जास्त पैसे लागलेल्या घोड्यावर जातं!"

"म्हणजे कुणावर?"

"सातवर!"

मग काय विचारता! काळी घोडी मानेच्या अंतरानं जिंकली आणि काकांनी सासऱ्यांना चक्क उचललं.

पैसे मात्र बेताचेच मिळाले. अर्ध्या मैदानानं तीच घोडी एकटी धरली होती. परत येताना सासऱ्यांनी नोटा दोनदा मोजल्या. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सगळे जिला एकटी धरतात, तिलाच आपणही धरलं तर जिंकूनही वाटे फार होतात. मग पुढच्या शनिवारी एकटा घोडा कुठल्या शर्यतीत ठेवायचा गं?"

सूनबाई सांगायला लागली. काकांनी मदतीला म्हणून कार्ड उघडलं, तर सासऱ्यांनी ते हातातून काढून घेतलं.

"तू नुसतं ऐक."